दुधात भिजवलेला नाताळ

देवासला थंडी टेकडीवरून खाली उतरते, असं इथली माणसं म्हणतात. मला ती आधी दुधाच्या पातेल्यात दिसते. उन्हाळ्यात जेमतेम सुरकुती धरणारी साय डिसेंबर लागला की बोटाने गोळा करण्याइतकी जाड येते, आणि ती वाटीत काढताना माझ्या मनात नाताळ सुरू होतो. बाहेर देवळाची घंटा वाजत असते, मोटारस्टँडवर इंदूरच्या गाडीची हाकाटी चालू असते, गराडूच्या कंदाचे काप तळणाऱ्याच्या कढईभोवती माणसं हात शेकत उभी असतात. त्यातल्या कोणाला माझ्या वाटीतल्या सायीशी देणंघेणं नाही. मलाही फारसं आहे असं नव्हे. पण हाताला सवय आहे, तो काढतो.

"मावशीआजी, केक तर इंदूरहून मंगवला आहे, मग तुम्ही फालतू कशाला परेशान होता?" माझ्या बहिणीची नात म्हणते. तिचं मराठी असंच, निम्म्या वाटेत उतरून हिंदीच्या गाडीत बसणारं. मी जन्मभर मुलींना मराठी शिकवलं आणि माझ्याच घरात हे पीक आलं. त्याचं दुःख करण्याचं वय आता गेलं. केक चांगला असतो. मी खाते, आणि तिला आवडतो तेवढा जास्तच खाल्ल्याचं दाखवते.

माझ्या लहानपणी केक असायचा तो मिशनच्या मडमबाईंच्या बंगल्यात. तिथून आमच्याकडे त्याचा एक तुकडा यायचा आणि बाबा तो कागदावर ठेवून सुरीने असा कापायचे की जणू धर्मोपदेशकाने प्रभुभोजनाची भाकर मोडावी. प्रत्येकाच्या वाट्याला चव यायची, केक यायचा नाही. मला वाटायचं, हा पदार्थ असाच असतो, जिभेवर आला न आला असा. पुढे मोठेपणी एकदा अख्खा तुकडा खाल्ला तेव्हा तो भलताच गोड लागला.

धारला आमचं घर मिशनच्या आवारात, शाळेच्या मागच्या अंगाला होतं. दोन खोल्या, पुढे ओटी, मागे परसू. बाबा शाळेत मास्तर होते. आई, मी आणि धाकटी रूथ, एवढीच माणसं. हे शतक नुकतंच लागलं होतं आणि संवत छप्पनचा दुष्काळ मागे पडला होता. माळव्याची काळी जमीन पुन्हा गहू देऊ लागली होती, पण लोकांच्या हातांतली भीती अजून गेली नव्हती. सुपातून सांडलेला दाणा आई अजूनही वाकून उचलायची. आमच्याकडे काटकसर हा सद्गुण नव्हता, ती रीत होती. तिच्याबद्दल कोणी बोलत नसे.

नाताळाच्या आधी घराला चुना लागायचा. चुना भिजत घातलेलं मडकं परसात खदखदायचं आणि रूथला वाटायचं खाली कोणीतरी जाळ घातलाय. बाबा शाळेतून आले की धोतर वर खोचून, डोक्याला फडकं गुंडाळून भिंतीला लागायचे. पुढच्या खोलीला दोन हात, मागच्या खोलीला एक, आणि कपाटामागे काहीच नाही. "कपाटामागे ख्रिस्तजन्म बघायला कोण जातंय?" ते म्हणायचे. आई म्हणायची, "तो बघतो ना." मग बाबा निमूटपणे कपाट सरकवायचे. जमीन आई शेणाने सारवायची. सारवलेल्या ओलसर जमिनीवर पाय न टाकता मागच्या दाराने आत यायचं, हा आम्हा दोघींचा नाताळातला पहिला उपास.

मडमबाईंकडून विलायतेच्या जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा यायचा. त्याच्या पताका व्हायच्या. आमच्या ओटीवर वाऱ्याने फडफडणाऱ्या बोटींच्या आणि टोप्यांच्या जाहिराती मला अजून आठवतात. तारा मात्र पतंगाच्या कागदाचा हवा, त्यावर बाबा अडून बसायचे. संक्रांत तोंडावर असल्यामुळे धारच्या बाजारात पतंगाचा कागद आलेलाच असायचा. बांबूच्या कामट्या बांधून त्यावर तो डकवला, आत पणती ठेवली, की झाला बेथलेहेमचा तारा. रस्त्याने जाणारी माणसं आपसांत म्हणायची, "मास्तर के यां दिवाळी देर से आवे." यात चेष्टा होती, पण वाईट नव्हती. आम्हांला बडा दिन हा शब्द ठाऊक होता, नाताळ हाही ठाऊक होता, आणि मनातून आम्ही त्याला दिवाळीच समजत होतो. करंज्या, चकल्या, अनारसे, चिवडा. आईला दुसरा सण करता येत नव्हता. तिच्या हातांनी बाप्तिस्मा घेतला नव्हता, असं बाबा थट्टेने म्हणत.

आईचं माहेर देवासचं. देवासला तेव्हा दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात, कधी कधी एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना. आईचा थोरला भाऊ धाकट्या पातीच्या कचेरीत कारकून होता. त्याला आम्ही दादामामा म्हणत असू. आईबाबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा देवासच्या घराने आईच्या नावाने आंघोळ केली. म्हणजे ती मेली असं धरलं. पुढे आजी-आजोबा गेले, त्याची खबरसुद्धा आईला उशिरा, दुसऱ्याच कोणाकडून कळली. राहिला तो एक भाऊ. आणि या भावाने एक सोय काढली. बड्या दिनाला इंदूरची साहेबी कचेरी बंद असायची, तेव्हा त्यालाही उसंत मिळायची. धारचे आणि देवासचे राजे एकमेकांचे भाऊबंद, त्यामुळे धारला जायला काही ना काही काम सापडतच असे. ते काम तो नेमकं नाताळात काढायचा.

तो यायचा, पण घरात यायचा नाही. ओटीच्या कडेला स्वतःची घोंगडी पसरून बसायचा. उतरायचा गावातल्या एका स्नेह्याकडे आणि जेवायचाही तिथेच. आमच्यासाठी गूळ, शेंगा, कधी बोरं आणायचा, आणि जाताना आई त्याला नारळ नाहीतर पेरू द्यायची. न शिजवलेलं चालायचं, फळ चालायचं. शिजवलेलं चालायचं नाही, पाणी चालायचं नाही. आई दारात बसायची, तो ओटीवर. दोघं लहानपणच्या गोष्टी काढून हसायची. आत डब्यात फराळ भरलेला असायचा आणि त्याचा वास ओटीपर्यंत यायचाच. वास आला की दादामामा जरा जास्त बोलायचा.

तो गेला की आई चुलीपुढे बसून राही. "सणाच्या दिवशी भाऊ दारात येतो आणि उपाशी जातो," एवढंच वाक्य ती दरवर्षी म्हणायची. तिला दुसरं काही नको होतं. माहेरी जायला मिळावं, असं ती कधी म्हणाली नाही. भावाने आपल्या हातचा एक घास खावा, एवढंच तिचं मागणं होतं, आणि मला वाटतं ती प्रार्थनेतही तेच मागत असावी. कारण प्रार्थना करताना तिचे ओठ फार थोडे हलायचे.

एका वर्षी कार्तिकातच तिने बाबांना सांगितलं, "यंदाचा फराळ दुधात करायचा."

बाबांना आधी कळलं नाही. मग तिने समजावलं. तिच्या माहेरी प्रवासाला निघताना दशम्या करत. कणीक पाण्यात न भिजवता दुधात भिजवायची आणि तुपावर भाजायची. पाणी नाही म्हणून तिला विटाळ कमी. पोळी जिथे चालत नाही तिथे दशमी चालते, वाटेत कुठेही बसून सोडून खाता येते. तर मग सगळाच फराळ पाण्याचा थेंब न लावता केला, तर दादाला काय हरकत? असा तिचा हिशोब होता. ती हे इतक्या आनंदाने सांगत होती की बाबांना मध्ये बोलता येईना.

बोलले तेव्हा मात्र चिडूनच बोलले. "अगं, आपण सोडलं ना हे? पाण्याचा विटाळ, दुधाची सोय, हा चालतो, तो चालत नाही. या जाचातून निघायला आपण काय काय गमावलं! आता आपल्याच चुलीवर आपणच म्हणायचं की आमच्या पाण्याला दोष आहे?"

"मी कुठे म्हणते आहे दोष आहे?" आई म्हणाली. "तो म्हणतो. खायचं त्याने आहे."

"आणि देवाच्या जन्माचा सण त्याच्या सोवळ्याप्रमाणे करायचा?"

"देव गोठ्यात जन्मला. त्याला दुधाचं वावडं नसेल."

बाबा शास्त्रवचनांत फार वाकबगार होते, पण यावर त्यांना वचन सापडलं नाही. ते दोन दिवस गप्प होते. मला वाटतं, त्यांना खरंच लागलं होतं. आईला फराळाचा प्रश्न होता, त्यांना आपल्या आयुष्याचा. मी तेव्हा लहान होते आणि मला फक्त इतकं दिसत होतं की ते जेवताना खाली बघतात. आज विचार केला तर दोघंही बरोबर होती असं वाटतं, आणि असं वाटणं काही कामाचं नसतं.

दोन फराळ करणं परवडणारं नव्हतं. केला तर एकच, आणि तो दुधातला. म्हणजे चकल्या गेल्या, त्यांच्या पिठाला पाणी लागतं. अनारसे गेले, तांदूळ भिजवावे लागतात. चिवडा आईने फार विचार करून सोडला. पोहे मुळात पाण्यात भिजवूनच कांडतात, हे तिला आठवलं आणि ती स्वतःवरच रागावली. राहिले शंकरपाळे, करंज्या, बेसनाचे लाडू आणि दशम्या. करंज्यांत खोबरं महाग म्हणून खसखस आणि गूळ. माळव्यात अफू पिकते, तेव्हा खसखशीला तोटा नव्हता. गूळ उसाच्या रसाचा, रस म्हणजे काही पाणी नव्हे, असा तिने निकाल दिला. एखाद्या न्यायाधीशासारखी ती एकेका जिनसाला उभं करून विचारत होती.

एवढ्या फराळाला दूध कुठून आणायचं? आमच्याकडे गेंदीबाई गवळण रतीब घालायची. आईने तिला रोज थोडं जास्त घालायला सांगितलं, त्याची साय जमवून तूप करायला. गेंदीबाईने कमरेवर हात ठेवून, घरात लग्न निघालं की काय अशा सुरात विचारलं, "अत्रो दूध को कंई करोगा बई? घर में ब्याव हे कंई?"

"ब्याव नहीं, गेंदीबाई. मेरा भाई आनेवाला है," आई म्हणाली.

"भई आवे? तो फेर पाणी नी मिलाऊं," गेंदीबाई म्हणाली, आणि मग आपण काय बोलून गेलो ते ध्यानात येऊन पदर तोंडाशी धरून हसू लागली.

हे बाबांनी ऐकलं. ते नुसतं संधीचीच वाट बघत असावेत. "आता सांग," ते आईला म्हणाले, "गेंदीबाईच्या दुधातलं पाणी कुठे गेलं तुझ्या शास्त्रात?"

आई क्षणभरही थांबली नाही. "ते तिचं पाणी. ते चालतं."

बाबा मोठ्याने हसले. त्या हसण्याने घरातला अबोला मोडला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दही-भात सोडला. ताक-दह्यावर त्यांचा फार जीव, त्याशिवाय त्यांचं जेवण संपायचंच नाही. पण आईने वाटी पुढे केली की ते म्हणायचे, "थंडीत दही बाधतं मला." याआधी कधी बाधलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. आम्हा मुलींचं दूध निम्म्यावर आलं, त्याची आम्हांला कोणी सबब सांगितली नाही.

फराळाच्या दिवसांत मागची खोली म्हणजे सोवळ्याचं स्वयंपाकघर होऊन गेली. पाण्याचा माठ परसात नेऊन ठेवला. आई हात धुऊन आली की ते फडक्याने पुसून, वर चुलीशी धरून कोरडे करायची आणि मगच पीठ मळायला बसायची. दुधात मळलेलं पीठ फार लवकर ताठ होतं, मनगट दुखून येतं. मी लाटायला, रूथ कातण्याने शंकरपाळे पाडायला. परसातून तोंड धुऊन आलेल्या रूथने एकदा ओल्या हातांनी एक गोळा उचलला. आईने तो गोळा बाजूला काढला, आणखी थोडं पीठ घालून त्याच्या पोळ्या केल्या. त्या आम्ही त्या संध्याकाळी खाल्ल्या. दुधाच्या पोळ्या कशा लागतात ते आम्हांला कळलं. त्यानंतर रूथचे हात वरचेवर ओले होऊ लागले, तेव्हा आईने तिची कामावरून उचलबांगडी केली.

मला हे दिवस आठवतात ते बहुतेक वासाने. खसखस भाजताना येणारा गरम, झोप आणणारा वास. ओल्या चुन्याचा वास. बाबांच्या उलटवून पुन्हा शिवलेल्या कोटाच्या खिशातला कापराचा वास. आमच्या घरात त्या वर्षी नवं असं काहीच नव्हतं. आईच्या जुन्या लुगड्याचे आम्हा दोघींचे परकर झाले होते आणि त्यांचे काठ आईने असे फिरवले होते की विरलेला भाग घडीत जावा. चर्चला आम्ही देऊळच म्हणत असू. त्या देवळात चालताना घडी सुटू नये म्हणून आम्ही एकाच पद्धतीने पाय टाकत होतो.

नाताळच्या दिवशी देवळात गायनं झाली, पेटी आणि तबला वाजला, मडमबाईंनी आमच्या परकरांचं कौतुक केलं. घरी आलो तर दादामामा ओटीवर येऊन बसलेला. घोंगडी पसरलेली, पागोटं मांडीवर, शेजारी स्वतःचा पाण्याचा तांब्या. त्याने आम्हांला शेंगा दिल्या. मग आई आतून ताट घेऊन आली.

ताट तिने त्याच्या समोर ठेवलं नाही, मधल्या जमिनीवर ठेवलं. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "दादा, पाण्याचा थेंब नाही लागलेला याला. सगळं दुधात भिजवलंय, तूप घरच्या सायीचं. माठसुद्धा बाहेर ठेवला होता. दशमीसारखंच आहे सगळं. बघ, तुला चालत असेल तर."

दादामामा ताटाकडे बघत राहिला. बाबा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते आणि मी त्यांच्या बाजूला. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. मला त्या वेळी एवढंच वाटत होतं की त्याने नाही म्हटलं तर आई हे ताट उचलून आत कशी नेईल. दुसरं काही मनात नव्हतं.

"दूध कुणाचं?" त्याने विचारलं.

"गवळणीचं. रतीबाचं."

त्याने मान हलवली. तांब्यातलं पाणी हातावर घेतलं, ताटाभोवती फिरवलं, काहीतरी पुटपुटला आणि दशमी मोडली. एक घास खाल्ला, मग दुसरा. करंजी उचलली, अर्धी तोंडात घातली आणि चावता चावता म्हणाला, "सगुणे, वेलदोडा कमी घातलायस. आणि कड नीट मुडपली नाहीस. आई असती तर परत करायला लावली असती."

माझ्या आईचा चेहरा त्या वेळी जसा झाला तसा मी आधी आणि नंतर कधीच पाहिला नाही. ती खुशाल त्याच्याशी भांडायला लागली. वेलदोडा किती महाग झालाय याची त्याला काही कल्पना आहे का, कचेरीत बसणाऱ्यांना काय कळतं, आणि लहानपणी सारण चोरून खाणाऱ्याने आता कडा मोजू नयेत. तो खात होता आणि ऐकत होता. बाबा आत गेले. मी पाहिलं तेव्हा ते स्वच्छ पुसलेला चष्मा पुन्हा पुसत होते.

त्या दिवसानंतर ही रीतच पडली. बाबांची बदली झाली नाही, दादामामाची नोकरी सुटली नाही, आणि नाताळ दरवर्षी येतच होता. कार्तिक लागला की गेंदीबाई न सांगता दूध वाढवायची. बाबांना दही बाधू लागायचं. आई दुधात पीठ मळायची. चकल्या-अनारसे आमच्या घरातून कायमचे गेले आणि आवारातल्या बायका आईला विचारू लागल्या की तुमच्याकडचे पदार्थ इतके खुसखुशीत कसे. आई मोठ्या गर्वाने सांगायची, "माझ्या भावाला पाण्याचं चालत नाही. दुधातलं चालतं." अपराध्यासारखं नव्हे, तर एखादा तह आपणच घडवून आणला अशा थाटात ती हे सांगे. दादामामा येई, घोंगडी पसरी, पाणी स्वतःचं पिई, आणि दरवर्षी फराळात एक तरी खोड काढी. आई त्या खोडीची वाट बघत बसलेली असायची.

मी मोठी झाले, शिकले आणि देवासला मुलींच्या शाळेत शिकवायला आले. त्याच पावसाळ्यात दादामामा गेला. तापाचं निमित्त झालं. आईला धारहून येता आलं नाही आणि आली असती तरी तिला कुठे उभं राहायला मिळालं असतं कोण जाणे. दिवस झाल्यावर मी एकटीच मामीला भेटायला गेले. तिला मी कधी पाहिलं नव्हतं. तिने मला बाहेरच्या खोलीत चटई टाकून दिली, स्वतः उंबऱ्याच्या आत बसली. बाई उंचीने लहान, बोलायला रोखठोक. तिचं बोलणं ऐकून वाटलं, ही आपल्या न पाहिलेल्या आजीच्या वेळचंच मराठी बोलते आहे.

"तू सगुणेची थोरली ना?" ती म्हणाली. "तुझी आई बरी आहे? मनगट दुखतं म्हणत होते हे."

आईचं मनगट दुखतं हे मामीला ठाऊक असेल, असं मला वाटलं नव्हतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की आईने त्यांच्यासाठी फराळ दुधात केला, त्यामुळे त्यांना आमच्याकडे खाता आलं, याचं आईला फार समाधान आहे.

मामी उंबऱ्याशी जरा पुढे सरकली. मग म्हणाली, "खाता आलं? अगं, धारहून आले की घरात पाऊल नव्हते टाकत ते. मागच्या पडवीत राहायचे. भटजीला बोलवायचं, ऐन थंडीत क्षौर करायचं, गार पाण्याने आंघोळ, पंचगव्य घ्यायचं, जानवं बदलायचं, दिवसभर उपास. मग घरात. दरवर्षी. मी तर कंटाळून जायची. पौषातल्या गारठ्यात या वयाच्या माणसाने काय हे?"

"पण ते तर दुधातलं होतं," मी म्हटलं. माझ्या तोंडून अगदी आईसारखं आलं.

"मीही हेच विचारलं होतं एकदा. तर म्हणाले, दूध असो नाहीतर पाणी असो, हात कुणाचे ते धरतात. दशमी झाली तरी बाटलेल्या हातची. म्हटलं, मग ठाऊक आहे तर खाता कशाला? नाही म्हणून सांगावं." मामीने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "तर म्हणाले, ती दूध साठवते."

मामीने मला निघताना गहू आणि गूळ दिला. न शिजवलेलं. मी ते पदरात घेऊन शाळेकडे चालत आले. मला आधी राग आला, हे मी लपवणार नाही. आमच्या आईच्या हातचं खाऊन हा माणूस पंचगव्य घेत होता. बाबांनी इतकी वर्षं दही सोडलं ते यासाठी? मग चालता चालता तो राग कुठेतरी गळून गेला. थंडीत पडवीत बसलेला, डोकं भादरलेला, उपाशी दादामामा मला दिसू लागला. दरवर्षी आपण काय करणार आहोत आणि त्याचं पुढे काय भोगायचं आहे हे पक्कं ठाऊक असताना तो धारचं काम काढत होता, घोंगडी घेत होता, आणि आमच्या ओटीवर येऊन वेलदोडा कमी पडला असं सांगत होता. बाबांनी त्याच्यासाठी जे सोडलं आणि त्याने आईसाठी जे सोसलं, त्यातलं कोणाला कोणाचं माहीत नव्हतं. त्या दोघांबद्दल त्या दिवशी मला जी माया वाटली, ती त्यांच्याशी समोरासमोर बोलताना कधी वाटली नव्हती.

त्या नाताळला मी धारला गेले. घराला चुना लागला होता, तारा टांगलेला होता. ओटीवर घोंगडी पसरणारं कोणी नव्हतं, आणि तरी आई मागच्या खोलीत बसून दुधात पीठ मळत होती. माठ परसात होता. मी तिच्या शेजारी बसले आणि लाटायला घेतलं.

"मामीकडे गेली होतीस ना?" तिने विचारलं. "काय म्हणाली?"

"आठवण काढत होत्या. तुझं मनगट कसं आहे विचारत होत्या."

आईने पिठात आणखी थोडं दूध घातलं. मग म्हणाली, "एक मात्र बरं झालं बाई. दुधातलं त्याला चालायचं. नाहीतर जन्मभर तो माझ्या दारातून उपाशीच गेला असता."

मी म्हटलं, "हो. चालायचं त्यांना."